मुरब्याची घोळ आणि दूरवरून हलणारा समुद्र

ऑगस्ट २०२१च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावची एक बोट मासेमारीला निघाली. पावसाळी बंदी उठून महिना झाला होता. वाढवणसमोर, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस सागरी मैलांवर, तिच्या जाळ्यात १५७ घोळ मासे सापडले. लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आल्याची बातमी देशभर गाजली. म्हणजे एका माशाला सरासरी ८५ हजार रुपये! कोळ्याचे नशीब उघडले, असे सर्वांनी म्हटले. ते खरेच, पण या घटनेमागे दोन जुन्या कहाण्या आहेत. एक पाण्याची, दुसरी माशाची. दोन्हींची सूत्रे बोईसर-तारापूरपासून फार दूर आहेत.

आधी पाण्याची कहाणी पाहू. पालघरच्या कोळ्याला प्रवाह म्हटला की भरती-ओहोटी आठवते. त्याचे डोल जाळे चालते तेच मुळी तिच्यावर. समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळे बांधायचे. बोंबील आणि जवळा त्याच्या रुंद तोंडात ढकलण्याचे काम पाणीच करते. उधाण आणि भांग यांचा हिशेब म्हणूनच त्याला तोंडपाठ असतो. पण याशिवाय एक मोठा प्रवाह आपल्या पश्चिम किनाऱ्याला समांतर वाहतो, तो खोल समुद्राच्या उतारालगत. गल्फ स्ट्रीमसारखे प्रवाह बारा महिने एकाच दिशेने जातात. आपला प्रवाह मात्र वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे.

पावसाळ्यातली दिशा वाऱ्याशी जुळते. पण हिवाळ्यात किनाऱ्यालगत वारा साधारण उत्तरेकडून येतो आणि प्रवाह त्याच्या तोंडावर, उत्तरेकडे चालतो! हे कसे?

या कोड्याची उकल गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाली. ही संस्था आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी उभी राहिली. तेथील सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७-८८च्या हिवाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान व क्षारता मोजली. त्यांचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. बंगालच्या उपसागरात मोठमोठ्या नद्यांचे गोडे पाणी मिसळते, म्हणून तेथले पाणी कमी खारट आणि हलके असते. हिवाळ्यात ते श्रीलंकेला वळसा घालून आपल्या बाजूला येते. हलके पाणी किंचित उंच उभे राहते. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाला दक्षिणेकडून उत्तरेकडे अगदी सौम्य उतार मिळतो, आणि या उताराचा जोर वाऱ्यावर मात करतो.

पुढे गणिती प्रतिकृतींनी आणखी एक गोष्ट दाखवली. उपसागरात वाऱ्याने उठवलेल्या केल्विन लाटा किनारा उजव्या हाताला ठेवून द्वीपकल्पाभोवती फिरतात. त्यांची उंची काही सेंटिमीटर, लांबी मात्र हजारो किलोमीटर. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास धावत त्या आपल्या किनाऱ्यावर पोचतात. आंध्र-ओरिसाकडच्या वाऱ्याचा परिणाम काही आठवड्यांनी महाराष्ट्रासमोर दिसतो, तो असा.

आता माशाची कहाणी. घोळीचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ मध्ये केले. हा मासा दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात. पिशवीलगतचे स्नायू थरथरवून या कुळातले मासे ढोलासारखा आवाज काढतात. बोत वाळवून चीनकडे पाठवण्याचा धंदा जुना आहे. जॉन फोर्ब्स रॉइल याने १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील अशा पिशव्यांवर पुस्तकच लिहिले, कारण युरोपात त्यांच्यापासून मद्य निवळण्याचा पदार्थ करीत. मुरब्याच्या लिलावातल्या किमतीमागे ही पावणेदोनशे वर्षांहून जुनी मागणी आहे.

या मागणीने इतरत्र काय केले? मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातला टोटोआबा हा घोळीचाच भाऊबंद, लांबीला दोन मीटर. १९४२ साली तो दोन हजार टनांहून अधिक पकडला गेला. १९७५ साली त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. चीनच्या किनाऱ्यावरचा महाकाय बहाबा तर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. दोघांच्याही नाशाला पिशवीचे मोल कारण झाले.

येथे एक शास्त्रीय मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. हे मासे ठरावीक काळी, ठरावीक जागी थव्याने जमतात. समुद्रातली एकूण संख्या निम्मी झाली तरी उरलेले मासे त्याच जागी जमतातच. जाळे भरते आणि मासा मुबलक आहे असे वाटत राहते. म्हणून एका रात्रीत मिळालेल्या १५७ घोळी हा मुबलकतेचा पुरावा ठरत नाही. १९४९ ते १९५५ या काळात मुंबई-सौराष्ट्र पट्ट्यात ट्रॉलरने मिळणाऱ्या मासळीच्या नोंदी झाल्या. घोळ, दाढा, कोत, वाम हे मोठे मासे तेव्हाच्या ट्रॉलरची नेहमीची मासळी होते. आज घोळ सापडली की बातमी होते. एवढा फरक सत्तर वर्षांत पडला.

शिक्षकांना यातून एक सोपा प्रयोग करता येईल. बाजारातून घोळीच्या कुळातला लहानसा ढोमा आणा आणि त्याचे डोके सोलून पाहा. आत पांढऱ्या खड्यांची जोडी मिळेल. मासा त्यांच्या साहाय्याने तोल सांभाळतो. शास्त्रज्ञ या खड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाढीची वलये मोजतात आणि माशाचे वय काढतात. मुलांना दर महिन्याला बाजारातल्या ढोम्यांची लांबी वहीत लिहायला सांगा. दहा वर्षे अशी वही चालली, तर आपल्या समुद्रातला मासा लहान होतो आहे का, याचे उत्तर तिच्यात असेल. वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या प्रवाहाचे कोडेही अशाच चिकाटीच्या मोजमापातून सुटले.