साठ तासांचं कलम

१९१९च्या एका आंतरराष्ट्रीय करारात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळं कलम आहे, दहावं. कारखान्यांत दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, हा जगासाठी ठरलेला नियम. जपानला सत्तावन्न. चीन, इराण आणि सयाम यांना तर हा नियमच लागू नाही. आपल्या वाट्याला साठ. लालबागच्या युनियन कचेरीत पत्रं टाइप करताना हे कलम मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा चीडच आली. गिरणी कामगार गोऱ्यांच्या मुलखातल्या कामगारापेक्षा बारा तास जास्त मजबूत असतो की काय!

पण आधीचा हिशेब बघितला की राग जरा उतरतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणीमालकांनी मान्य केली १८९० साली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काही ठिकाणी दिवस पंधरा तासांवर गेला. माझे आजोबा साच्यावर होते. ‘पूर्वी सूर्य मावळला की सुटायचो, बत्ती आली आणि सूर्याचं कुणी ऐकेना,’ असं म्हणत. १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, तोच मोठा दिलासा वाटला होता.

महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात कामगारांसाठी एक अख्खा भाग घातला गेला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली. युरोपातल्या सरकारांना एकदम कामगारांचा पुळका आला होता असं नाही. रशियात क्रांतीनंतर काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. ऑक्टोबर १९१९मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली आणि हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने गेले नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतला हा शांत माणूस. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगार वस्त्यांत काम करणारा.

खरी गंमत पुढे आहे. प्रतिनिधी सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने नेमावा, अशी तहाची अट होती. आपल्याकडे अखिल भारतीय संघटनाच नव्हती, म्हणून सरकारने आपल्या मर्जीने जोशींना नेमलं. यावर कामगार पुढाऱ्यांत बरीच कुरबुर झाली. मग ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. दूरच्या तहातल्या एका ओळीने मुंबईत संघटना जन्माला घालायला हातभार लावला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा प्रभाव मोजताना एवढं पुरे.

वॉशिंग्टनला झालेला तासांचा करार कागदावर राहिला नाही. सरकारने १९२१च्या जुलैत त्याला मान्यता दिली आणि १९२२चा कारखाने कायदा आला: आठवड्याला साठ तास, दिवसाला अकरा, बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी. अर्थात कराराची वाट पाहत मुंबईचे कामगार थांबले नव्हते. १९२०च्या जानेवारीतल्या सार्वत्रिक संपाने दहा तासांचा दिवस आधीच पदरात पाडून घेतला होता. आणि आपल्यावर साठ तासांचं कलम लावणाऱ्या ब्रिटनने स्वतः हा करार आजतागायत मान्य केलेला नाही!

अशा करारांवरच्या देखरेखीचं यंत्र १९२६ साली ठरलं: सरकारांचे अहवाल तपासणारी तज्ज्ञ समिती. तिच्याकडे ना पोलीस, ना दंडाचं पावती-पुस्तक. हातात असतो तो फक्त प्रश्नांचा छापील नमुना. कोणता कायदा केला? अंमलबजावणी कोणत्या खात्याकडे? तपासणीत किती उल्लंघनं सापडली? न्यायालयाने काही निर्णय दिले का? आणि सर्वांत तळाशी, अहवालाची प्रत कोणत्या मालक आणि कामगार संघटनांना दिली, त्यांचं म्हणणं काय? हा तळाचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सरकार म्हणतं ‘सर्व ठीक’, आणि त्याच टपालाने युनियनचं पत्र ‘काही ठीक नाही’ म्हणत पोहोचतं. समिती दोन्ही समोर ठेवून पुन्हा विचारते. उदाहरणार्थ, सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार भारताने १९५४ साली स्वीकारला, वेठबिगारीचा कायदा १९७६चा. कायदा झाल्यावरही समिती विचारतच राहिली: सोडवले किती, शिक्षा किती जणांना? चिवट कारकुनासारखी ही विचारणा कंटाळवाणी असते, तरी फायलीत एकदा चढलेला प्रश्न मंत्री बदलले म्हणून खाली उतरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या समित्याही पुढे याच वाटेने गेल्या.

१९५१ साली संघटना-स्वातंत्र्याच्या तक्रारींसाठी आणखी एक समिती आली. ज्या देशाने त्याविषयीचे करार मान्य केलेले नाहीत, त्याच्याविरुद्धही ती तक्रार ऐकते. आपल्याला हे माहीत असलेलं बरं, कारण संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा करार भारताने मान्य केलेला नाही.

मूलभूत करारांवरचे अहवाल आता दर तीन वर्षांनी जातात. केंद्रीय कामगार संघटनांना त्यांची प्रत देणं सरकारवर बंधनकारक आहे. तुमची युनियन अशा एखाद्या संघटनेशी जोडलेली असेल तर ती प्रत मागून घ्या आणि आपलं म्हणणं लेखी कळवा, तारीख आणि सहीनिशी.