नाव, मुखवटा आणि साक्ष : हांका ऑर्डोनुव्नाची चार नावे

अभिनेत्रीने लिहिलेल्या पुस्तकाची मराठी समीक्षेत चर्चा होते तेव्हा एक गृहीत बहुधा तपासले जात नाही. ते असे की, असे पुस्तक ‘मी’चे असते आणि त्या ‘मी’ला रंगभूमीने किंवा चित्रपटाने आधीच एक नाव दिलेले असते. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०), हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०), लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१), ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ही पुस्तके प्रकाराने आणि प्रकृतीने एकमेकींहून भिन्न आहेत. पण वाचक ती हाती घेतो तो मुखपृष्ठावरील परिचित नावाच्या भरवशावर. फिलिप लजनने १९७५ मध्ये मांडलेल्या ‘आत्मचरित्रात्मक करारा’चा गाभा हाच आहे. लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एक असणे, ही आत्मचरित्राची त्याने सांगितलेली अट.

अभिनेत्रीच्या बाबतीत मात्र हा करार मुळातच ठिसूळ असतो. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. चित्रपटासाठी घेतलेले नाव त्यांनी आत्मकथनावरही राहू दिले; शिवाय ते कथन त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केले. म्हणजे ‘सांगत्ये’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. प्रस्तुत लेखात ज्या पोलिश अभिनेत्रीचा विचार करावयाचा आहे तिने याच्या नेमके उलट केले. पडद्यावरचे सर्वतोमुखी झालेले नाव तिने पुस्तकावरून काढून टाकले. आणि ज्या प्रवासाविषयी हे पुस्तक आहे तो प्रवास मुंबईत येऊन पोहोचतो.

तिचे जन्मनाव मारिया आन्ना पिएत्रुशिन्स्का. १९०२ मध्ये वॉर्सा येथे जन्म, पहिले महायुद्ध संपता संपता रंगमंचावर प्रवेश, आणि तेथे मिळालेले नाव हांका ऑर्डोनुव्ना. लोकांच्या तोंडी ‘ऑर्डोनका’. ‘क्वी प्रो क्वो’ या वॉर्सातील प्रसिद्ध कॅबरेत फ्रिडेरिक यारोशी या दिग्दर्शकाच्या हाताखाली तिची कला घडली. ‘कॅबरे’ या शब्दाने आपल्याकडे हिंदी चित्रपटातील एका विशिष्ट प्रकारच्या नृत्याची आठवण होते. ती येथे बाजूला ठेवली पाहिजे. वॉर्सातील कॅबरे हे साहित्यिक स्थान होते. ज्युलियन तुविमसारखा पहिल्या प्रतीचा कवी त्यासाठी गीते आणि प्रहसने लिहीत असे, मात्र पुष्कळदा टोपणनावाने. १९३३ च्या ‘मुखवट्यातील हेर’ या चित्रपटात ऑर्डोनुव्नाने गायिलेल्या आणि पुढे तिच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेलेल्या गीताचे शब्द तुविमचेच होते, संगीत हेन्रिक वार्सचे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तुविम ‘ओल्डलेन’ आहे. टोपणनाव हा या जगाचा रोजचा व्यवहार होता, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे. १९३१ मध्ये काउंट मिखाउ तिश्किएविच याच्याशी विवाह झाला आणि तिला तिसरे नाव मिळाले.

१९३९ नंतरचा तपशील थोडक्यात असा. जर्मन गेस्टापोने वॉर्सात तिला कैद केले. तेथून सुटून ती विल्नोला गेली. तेथे सोव्हिएत राजवटीने तिला पकडून श्रमछावणीत धाडले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर सोव्हिएत भूमीवरील पोलिश कैद्यांना मुक्त करण्यात आले, त्यांत तीही होती. पूर्व पोलंडमधून १९४० आणि १९४१ मध्ये लाखो लोक सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार झाले होते आणि त्यांतील आईबाप गमावलेली मुले या सुटकेनंतर दक्षिणेकडे येत होती. ऑर्डोनुव्ना या अनाथ मुलांच्या कामाला लागली. अश्काबाद, इराणमधील मशहद आणि तेथून पुढे खुष्कीच्या मार्गाने ती १९४२ मध्ये मुलांसह मुंबईला आली. आरंभीच्या मुलांची सोय वांद्र्याला झाली. त्याच वर्षी नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसाहत उघडली. क्षयाने पोखरलेली ऑर्डोनुव्ना पुढे बैरूतला गेली. १९५० मध्ये तेथेच तिचा अंत झाला.

बैरूतमध्येच १९४८ साली ‘भटकी मुले’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे तिचे पोलिश पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव होते वेरोनिका हॉर्ट. हे चौथे नाव.

या नावाचे स्पष्टीकरण राजकीय परिस्थितीत शोधता येते. १९४८ मध्ये पोलंडवर ज्या पक्षाची सत्ता होती त्याला सोव्हिएत हद्दपारीचा उच्चारही मानवणारा नव्हता आणि मायदेशी राहिलेल्या माणसांचा विचार कोणाही निर्वासित लेखकाला करावाच लागे. हे स्पष्टीकरण खरे असले तरी माझ्या मते पुरेसे नाही. भय हेच एकमेव कारण मानले तर टोपणनाव म्हणजे केवळ आडोसा ठरतो. लेखकाचे नाव मजकुराभोवती अर्थाची एक चौकट उभी करते, हे मिशेल फूकोने १९६९ मधील व्याख्यानात सांगितले होते. ‘ऑर्डोनुव्ना’ या नावाभोवतीची चौकट होती प्रणयगीताची, झगमगाटाची, तारकेची. त्या नावाने लिहिलेले पुस्तक वाचकाने तारकेच्या हालअपेष्टांची कहाणी म्हणून वाचले असते आणि मुले तिच्या पार्श्वभूमीला गेली असती. नाव बदलल्याबरोबर मुले पुढे येतात. टोपणनावांच्या जगात घडलेल्या कलावतीला हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. अभिनेत्री मुखवटा चढवते तो पात्र दिसावे म्हणून. वेरोनिका हॉर्ट हा त्या अर्थाने तिच्या कारकिर्दीचा त्याग नसून तिची शेवटची भूमिका आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. दुसऱ्याच्या दुःखाची साक्ष देणाराच अनामिक झाला तर त्या साक्षीला उत्तरदायी कोण? दलित आत्मकथनांच्या संदर्भात आपण हे पाहिले आहे. ‘बलुतं’ (१९७८) मधील ‘मी’ समूहाचा असूनही त्याला दया पवार हे नाव आहे, आणि त्या नावावर समाजाचा रोषही ओढवला जाऊ शकतो. उलट ज्यांना लिहिण्याची संधीच मिळाली नाही त्यांच्या वतीने कोणीतरी बोलते, तेव्हा बोलणाऱ्याचेच नाव उरते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली आंबेगाव हे मूळ गाव गेले, तालुक्याला मात्र त्याचे नाव राहिले. तेथून उठलेल्या महादेव कोळी कुटुंबांची कैफियत पुष्कळदा अर्ज-अहवालांच्या भाषेत, दुसऱ्याच्या सहीने नोंदली गेली. साक्षीतील नावाचा प्रश्न असा सत्तेचाही प्रश्न असतो. ऑर्डोनुव्नाने आपली सही मागे घेतली म्हणून मुलांना स्वतःची सही मिळाली असे नव्हे. तिच्या पुस्तकाची ही मर्यादा मान्य करावी लागते.

महाराष्ट्राच्या स्मृतीत पोलिश निर्वासित आहेत ते मुख्यतः कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, राहत होते. शाळा, चर्च, नाट्यप्रयोग असे त्यांचे एक लहानसे गावच तेथे वसले होते. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्याचे स्मारक आहे आणि २०१७ मध्ये वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक उभे राहिले. या स्मरणाचे केंद्र साहजिकच आपले आतिथ्य आहे. पाहुण्यांनी स्वतः काय लिहिले, याकडे मराठी तौलनिक साहित्याभ्यासाने वळायला हवे. इब्सेन-ब्यर्नसन यांचा प्रभाव आपण तपासतो, कारण संहिता अनुवादाच्या वाटेने येतात. पण निर्वासितांच्या वाटेने आपल्या भूमीतून गेलेले साहित्य प्रभावाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पोलंडमध्ये १९८१ साली तिच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्याचे शीर्षक त्या १९३३ च्या गीतावरून घेतले होते. १९९० मध्ये तिचे अवशेष बैरूतहून वॉर्साला नेऊन पोवाँझ्की दफनभूमीत पुरण्यात आले. परतली ती ऑर्डोनका. वेरोनिका हॉर्ट ज्या मुलांविषयी लिहीत होती त्यांतील कित्येक तोवर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत आजी-आजोबा झाली होती.