विमानतळाकडे जाणारा पूल आणि हातातला कागद

मागच्या महिन्यातल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि चहा यायच्या आधी आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "माझा भाचा अमेरिकेत सॅन दिएगोला नोकरीला आहे. काल फोनवर म्हणाला, मावशी, आज मी पायी चालत दुसऱ्या देशात गेलो आणि तिथून विमानात बसलो."

सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "परदेशात का कुणी चालत जातं? पोरगा थट्टा करतोय तुमची." दुसरीने विचारलं, "आणि आपल्या देशात विमानतळ असताना दुसऱ्याच्या देशात जायचं कशाला?"

भाचा थट्टा करत नव्हता. असा पूल खरोखर आहे. आम्ही त्याची माहिती काढत गेलो, तेव्हा त्या जागेचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास समोर आला. तो मेक्सिको आणि अमेरिकेचा आहे, पण ऐकताना आम्हाला आपल्या घरातल्या कागदांच्या पिशवीची आठवण झाली. म्हणून आजच्या भागात तो सांगतो.

आधी जागा कुठे आहे ते पाहू. अमेरिकेचं सॅन दिएगो आणि मेक्सिकोचं तिहुआना ही दोन मोठी शहरं सीमेच्या दोन बाजूंना आहेत. तिहुआनाचा विमानतळ ओताय मेसा नावाच्या पठारावर आहे. मेसा म्हणजे स्पॅनिश भाषेत टेबल. पठाराचा माथा टेबलासारखा सपाट, म्हणून हे नाव. विमानतळ सीमेला इतका खेटून आहे की धावपट्टीच्या पलीकडे लगेच अमेरिकेचं कुंपण दिसतं.

या कुंपणावरून २०१५ साली डिसेंबरच्या ९ तारखेला एक बंदिस्त पूल सुरू झाला. लांबी साधारण ३९० फूट. आपल्या पायाने दोन-तीन मिनिटांचं अंतर. अमेरिकेच्या बाजूला गाडी उभी करायची, बॅग ओढत पूल चालायचा, पासपोर्ट दाखवायचा आणि थेट मेक्सिकोच्या विमानतळात उतरायचं. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून काकूंच्या भाच्याचं काम सोपं झालं.

आता मागे जाऊ. १८४८ पर्यंत कॅलिफोर्निया मेक्सिकोचा भाग होता. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात लढाई झाली, मेक्सिको हरला आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तह झाला. मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि नकाशावर नवी रेघ ओढली गेली. त्या मुलखात राहणारी माणसं होती तिथेच राहिली, देश मात्र बदलला. भावकीत वाटणी होते तेव्हा बांध सरकतो, झाड तिथेच राहतं. तसंच हे झालं.

पण रेघ ओढली म्हणजे भिंत झाली असं नाही. कितीतरी वर्षं लोक इकडून तिकडे ये-जा करत होते. या भागात अमेरिकन सरकारने पहिलं कुंपण घातलं ते १९०९ च्या सुमारास आणि तेही माणसांसाठी नव्हतं. ते गुरांसाठी होतं! मोकळी सुटलेली जनावरं सीमा ओलांडायची, त्यांच्या अंगावर गोचीड असायचे आणि गोचीडतापाने गुरं दगावायची. म्हणून तारेचं कुंपण घातलं. हे वाचलं तेव्हा आमच्या गटातल्या शेळ्या-म्हशीवाल्या बायांनी माना डोलावल्या. गोचीडतापाने दुभतं जनावर गेलं की घराचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

पुढे १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा अमेरिकेची माणसं दारू आणि जुगारासाठी तिहुआनाला जायची. आज सीमेवरच्या गर्दीचं चित्र मनात आलं की आपण एकाच बाजूने येणारे लोक पाहतो. तेव्हा ती गर्दी उलट्या दिशेनेही होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेत शेतावर मजूर कमी पडले. १९४२ साली दोन्ही सरकारांनी करार केला आणि मेक्सिकोचे पुरुष ठराविक मुदतीच्या कामावर जाऊ लागले. त्यांना 'ब्रासेरो' म्हणत, म्हणजे हाताने राबणारा. हा प्रकार १९६४ पर्यंत चालला आणि एकूण ४६ लाखांच्या आसपास करार झाले. बायकांना त्यात जागा नव्हती. त्या गावाकडे शेत, सासू-सासरे आणि पोरं सांभाळत राहिल्या.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. सुरुवातीच्या वर्षांत या मजुरांच्या पगारातून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापून घेतली जायची. ती मेक्सिकोच्या बँकेत जाणार आणि गावी परतल्यावर मिळणार, असं ठरलं होतं. कित्येकांना ती मिळालीच नाही. म्हातारपणी त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी भांडून दाद मागितली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात तडजोड झाली आणि अमेरिकेत राहणाऱ्या पात्र मजुरांना किंवा त्यांच्या वारसांना ३,५०० डॉलर देण्याचं ठरलं. पण त्यासाठी काम केल्याचा पुरावा हवा होता. साठ वर्षांपूर्वीचा कागद! ज्यांच्या घरात तो पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला होता, त्यांचा हक्क शाबित झाला. ज्यांच्या घरात तो वाळवीने खाल्ला, त्यांच्या बापाचा घाम खोटा नव्हता, पण तो दाखवता येत नव्हता.

१९६४ मध्ये हे करार बंद झाले, पुरुष बेरोजगार झाले. मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमेलगत परदेशी कंपन्यांना कारखाने काढायला सवलती दिल्या. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे जोडले जायचे आणि माल परत जायचा. काम हवं होतं पुरुषांना, पण कारखान्यांनी घेतल्या बहुसंख्य तरुण मुली. बारीक काम हाताने नीट करतात, कमी पगारावर येतात, उलट बोलत नाहीत, असा मालकांचा हिशेब. खेड्यातून आलेल्या या मुलींच्या हातून तयार झालेला माल सीमा सहज ओलांडायचा. त्या मुलींना मात्र पलीकडे जायला कागद लागायचा.

तरीही तेव्हा भिंत नव्हती. १९७१ मध्ये समुद्राकाठी, जिथे सीमा पाण्याला भिडते, तिथे अमेरिकेने एक बाग केली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पॅट निक्सन उद्घाटनाला आल्या होत्या. मध्ये फक्त तारा होत्या. त्या तारा बाजूला करवून त्यांनी पलीकडच्या लोकांना हात मिळवला आणि हे कुंपण फार दिवस राहू नये, अशी इच्छा बोलून दाखवली. झालं उलटंच. पुढे त्याच जागी दाट जाळी आली. दोन बाजूंना ताटातूट झालेली कुटुंबं तिथे भेटायची आणि जाळीच्या भोकातून करंगळीचं टोक तेवढं एकमेकांना लावायची. आई आणि लेकीची भेट, करंगळीएवढी.

१९९० नंतर पक्कं कुंपण उभं राहिलं. ते कशाचं होतं माहीत आहे? लढाईत चिखलाच्या जमिनीवर विमानं उतरवायला जे पोलादी पत्रे अंथरतात, त्यांचं. युद्ध संपल्यावर पडून राहिलेले पत्रे आणून उभे केले. विमानासाठी आडवी केलेली वाट माणसासाठी उभी भिंत झाली. १९९४ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेने तिथला पहारा फार कडक केला. शहराजवळून जाता येईना, तेव्हा कागद नसलेले लोक पूर्वेकडच्या डोंगरातून आणि वाळवंटातून जाऊ लागले. उन्हाने, तहानेने, थंडीने पुढच्या वर्षांत हजारो माणसं मेली. तिहुआनात विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या कुंपणावर लोकांनी त्यांच्या आठवणीसाठी पांढरे क्रूस लावले. काहींवर नाव होतं. काहींवर फक्त 'ओळख पटली नाही' असं लिहिलं होतं.

आता पुलाकडे परत येऊ. सॅन दिएगोचा विमानतळ शहराच्या मधोमध, एकाच धावपट्टीचा. वाढायला जागा नाही. मेक्सिकोच्या आतल्या शहरांना जाणारी विमानं तिहुआनातून जास्त आणि बहुतेक वेळा स्वस्तही. सॅन दिएगो परिसरात मेक्सिकोतून आलेली लाखो कुटुंबं राहतात. आजीला भेटायला, लग्नाला, मयतीला ती तिहुआनाहून विमान धरायची. जाताना फारसं अडत नसे, पण परत येताना सीमेच्या नाक्यावर तासन् तास रांगेत उभं राहावं लागे. लहान पोरं, बॅगा आणि वर ऊन.

दोन्ही देशांनी मिळून विमानतळ करावा, अशी चर्चा १९९० च्या दशकात झाली, पण ती पुढे गेली नाही. शेवटी खासगी गुंतवणूकदारांनी पुलाचा प्रस्ताव आणला. सीमेवरून काही बांधायचं तर अमेरिकेच्या सरकारची खास परवानगी लागते. ती २०१० मध्ये मिळाली आणि पाच वर्षांनी पूल सुरू झाला. इमारतीचा आराखडा मेक्सिकोचे नामवंत वास्तुविशारद रिकार्दो लेगोर्रेता यांच्या कचेरीने केला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे रंग भडक, जांभळा.

पूल चांगला आहे, यात वाद नाही. ज्या आजीला चार तास रांगेत उभं राहावं लागे, ती आता काही मिनिटांत पलीकडे जाते. पण तो सगळ्यांसाठी नाही. विमानाचं तिकीट असेल तरच पुलावर जाता येतं. पुलाचं वेगळं तिकीट काढावं लागतं. पोहोचवायला आलेल्या माणसांनी अलीकडेच निरोप घ्यायचा. आणि पासपोर्ट, व्हिसा तर हवाच.

व्हिसा कुणाला मिळतो? अमेरिकेचा अधिकारी पहिल्यांदा हे पाहतो की तुम्ही परत याल कशावरून. पगाराची पावती, बँकेतलं खातं, घराचे कागद, हे सगळं तो विचारू शकतो. कारखान्यात नोकरी असलेली बाई पगाराची पावती दाखवेल. पण दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी किंवा रस्त्यावर खाऊ विकणारी काय दाखवेल? घर नवऱ्याच्या नावावर, पैसे डब्यात. ती राबते, कमावते, पण कागदावर ती कुठेच नाही.

कागद असला तरी दार उघडं राहीलच असंही नाही. करोनात अमेरिकेने २१ मार्च २०२० पासून जमिनीवरच्या नाक्यांवर निर्बंध घातले. ते ८ नोव्हेंबर २०२१ ला उठले. या वीसेक महिन्यांत प्रवासी व्हिसा असलेली मेक्सिकोची बाई लेकीला भेटायला पायी किंवा गाडीने जाऊ शकत नव्हती. विमानाने मात्र जाऊ शकत होती! तीच बाई, तोच व्हिसा, तीच लेक. विमानाच्या तिकिटाला पैसे असले तर भेट होणार, नसले तर कुंपणाच्या अलीकडे थांबायचं.

हे सगळं सांगून झाल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पूल तीनशे नव्वद फुटांचा नाही. त्याच्या आधीची वाट लांब आहे."

आम्हालाही तेच वाटलं. कुंपण आधी गुरांसाठी होतं, मग माणसांसाठी झालं. मजूर हवे होते तेव्हा वाट मोकळी होती, नको झाले तेव्हा पत्रे उभे राहिले. दार कधी उघडायचं ते सरकारं ठरवतात, ते आपल्या हातात नाही. पण दार उघडेल त्या दिवशी आपल्या हातात आपल्या नावाचा कागद असावा, एवढं आपण करू शकतो.

म्हणून त्या बैठकीत आम्ही एक काम ठरवलं. प्रत्येकीने घरातली कागदांची पिशवी काढायची. आधार, बँकेचं पासबुक आणि शाळेचा दाखला यांवर आपलं नाव एकसारखं आहे का, ते पाहायचं. माहेरचं एक, सासरचं दुसरं, असं असेल तर दुरुस्तीला द्यायचं. पासपोर्टबद्दलही एक गैरसमज दूर केला. डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार अर्जात आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचं नाव पुरतं आणि लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही. नवऱ्याने सोडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आमच्या दोन मैत्रिणींना हे माहीतच नव्हतं.

त्यांना परदेशी जायचंय असं नाही. पण ब्रासेरो मजुरांच्या वारसांची गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. त्यांच्यातली एक दुसऱ्याच दिवशी पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. तळाला पिवळं पडलेलं बँकेचं पासबुक होतं, तिच्या स्वतःच्या नावाचं. ते तिने पदराने पुसलं आणि म्हणाली, "ताई, हे चालू आहे का, एवढं विचारून द्या बँकेत."

मैत्रिणींनो, तुमचीही पेटी आज उघडून बघा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.