बँडसॉ, बर्मा टीक आणि आमची तुळई

बऱ्याच शनिवारांनी लिहितोय. मध्ये दोन रिलीज, एक ऑडिट आणि एक घर पाडणं एवढं सगळं झालं. पहिल्या दोघांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घराबद्दल आहे.

दादरला पोर्तुगीज चर्चजवळची आमची बिल्डिंग १९३० च्या आसपासची, तळमजला अधिक दोन. शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. पाडताना जे काही निघतं ते पाडणाऱ्या कंत्राटदाराचं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे ज्या दोन तुळयांखाली माझे बाबा लहानाचे मोठे झाले, त्या मी रोख पैसे मोजून विकत घेतल्या. प्रत्येकी पाच फुटांचे तुकडे, चार इंच बाय सहा इंच. आजोबा नेहमी म्हणायचे, "हे बर्मा टीक आहे रे, असं लाकूड आता बघायला मिळणार नाही." आम्ही अर्थातच ऐकून सोडून द्यायचो.

प्लॅन साधा होता. तुळया रे रोडला एखाद्या लाकडाच्या वखारीत न्यायच्या, फळ्या पाडून आणायच्या आणि बाबांसाठी एक लिहायचं टेबल करायचं. वखारवाल्या शेठनी नखाने लाकूड खरवडलं, वास घेतला, "बर्मा छे," म्हणाले आणि तुळई परत माझ्या हातात दिली. "अंदर कील होगा, मेरा ब्लेड जाएगा." पुढच्या दोन वखारींतही हेच उत्तर. त्यांचं चूक नाही. त्यांचं हातभर रुंद ब्लेड एका गंजलेल्या खिळ्यावर गेलं की दिवसाचा धंदा बसला.

तेव्हा प्रश्न असा उरला की करवत आपलीच घ्यायची, तर कुठली? आईच्या मामांची तळमजल्यावरची दहा बाय आठची खोली रिकामी आहे, तिथे माझं सुतारकाम चालतं. टेबल सॉ म्हणजे गोल पात्याची करवत घ्यावी असं आधी डोक्यात होतं. मग सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. :-)

करवत लाकडातून जाते तेव्हा तिच्या दातांच्या रुंदीएवढं लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं. दात आलटून पालटून डावीउजवीकडे वाकवलेले असतात, किंवा त्यांची टोकं पात्यापेक्षा रुंद असतात, म्हणून ही फट पात्याच्या जाडीपेक्षाही मोठी होते. गोल पात्याची फट साधारण ३ मिलिमीटर. बँडसॉची साधारण १. आता माझी तुळई १०० मिलिमीटर जाडीची. दहा-दहा मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या, तर गोल पात्याने ७ निघतात (आठवीला फक्त १ मिलिमीटर कमी पडतो, जीव जळतो अगदी) आणि बँडसॉने ९. म्हणजे एका तुळईमागे दोन फळ्यांचा फरक. शिवाय दहा इंची गोल पातं एका वेळी जेमतेम ७५-८० मिलिमीटर खोल जातं. दीडशे मिलिमीटर उंचीची तुळई दोन्हीकडून अर्धी-अर्धी कापायची आणि मध्ये जुळतंय का ते देवावर सोडायचं.

दोन फळ्या म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. बँडसॉचा सगळा इतिहास मात्र या फटीपायीच घडलाय, असं मला वाचता वाचता वाटायला लागलं.

बँडसॉ कधी बघितला नसेल तर पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. दोन चाकांवरून फिरणारा पट्टा, फक्त तो पोलादाचा आणि एका कडेला दात असलेला. कल्पना इतकी सोपी की ती फार लवकर सुचली. १८०९ च्या सुमारास लंडनच्या विल्यम न्यूबेरीने तिचं पेटंट घेतलं. आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तिचा कुणाला काहीच उपयोग झाला नाही! कारण पट्ट्याचा जोड. सरळ पट्टी गोल करून टोकं जोडायची, आणि तो जोड चाकावरून जाताना प्रत्येक वेळी वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. लोखंडी तार हातात घेऊन इकडेतिकडे वाकवली की काय होतं ते आपण सगळ्यांनी शाळेत केलंय. तसाच तो पट्टा तुटायचा.

मी आजच्या चौदा इंची बँडसॉचा हिशेब केला. ब्लेडची लांबी साधारण २.३७ मीटर, वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास. म्हणजे सेकंदाला सहाहून जास्त फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. तासाला साधारण ४५ हजार वेळा. तेव्हाच्या पोलादाने आणि तेव्हाच्या जोडाने हे सोसणं शक्यच नव्हतं.

हा प्रश्न सोडवला एका बाईने. पॅरिसच्या ॲन पॉलिन क्रेपँ. जोड पक्का करण्याच्या तिच्या पद्धतीसाठी तिने १८४६ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि थोड्याच काळात ते हक्क पॅरिसच्याच पेरँ कंपनीला विकले. पेरँने त्याला चांगलं पोलाद आणि पाणी देण्याच्या सुधारलेल्या रीतीची जोड दिली आणि पट्टे टिकायला लागले. आज बँडसॉच्या इतिहासात पेरँचं नाव ठळक असतं आणि क्रेपँबाई एका ओळीत आटोपतात. आमच्या टीममध्ये असे किस्से मी बघितलेत. असो.

पट्टा टिकायला लागल्यावर मोठ्या लाकूड गिरण्यांना त्यात काय दिसलं असेल, ते माझ्या एक्सेल शीटवरून कळेलच. मोठ्या ओंडक्यांना लागणारं गोल पातंही मोठं आणि जाड. पातळ पट्ट्याने त्याच ओंडक्यातून जास्त फळ्या निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मोठ्या गिरण्या बँडसॉकडे वळल्या त्याचं मुख्य कारण हेच.

आणि त्याच दशकांत सागवानापायी एक राज्य गेलं. त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

मुंबईचं आणि सागवानाचं नातं त्याआधीचं आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या वंशजांपैकी जमशेटजी बमनजींनी बांधलेली 'ट्रिंकोमली' ही युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. मलबारी सागवानाची ती बोट आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. तेव्हा चालणारा बँडसॉ जगात कुठेच नव्हता.

पुढे भूक वाढली तशी नजर ब्रह्मदेशाकडे गेली. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' काढली, मुंबईतच. ताजं तोडलेलं सागवान पाण्यावर तरंगत नाही, म्हणून झाडाच्या बुंध्याला गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या वाळवायचं, मग तोडायचं, हत्तींनी नदीपर्यंत ओढायचं आणि पाण्यातून रंगूनला पाठवायचं असा तो उद्योग होता. १८८५ मध्ये राजा थिबाच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की जेवढे ओंडके नेले तेवढे दाखवले नाहीत, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना मंडालेत फ्रेंचांचं वाढतं वजन खुपत होतंच, त्यात हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरात युद्ध झालं आणि काही आठवड्यांत आटोपलं. थिबा राजाला कुटुंबासकट आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीला आणलं. आपण सहलीला जाऊन फोटो काढतो तो थिबा पॅलेस १९१० मध्ये पुरा झाला. राजा तिथेच १९१६ मध्ये वारला. लहानपणी तिथे गेलो होतो तेव्हा मला फक्त समुद्राचा वारा आणि नंतर खाल्लेली आंबापोळी आठवते. त्या राजाच्या गोष्टीचा आमच्या माळ्याशी संबंध असेल असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

पण आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली, दादर-माटुंग्याकडे नवीन प्लॉट पडले, मुंबई उत्तरेला सरकायला लागली, आणि त्या घरांच्या तुळया, जिने, चौकटींमध्ये बर्मा टीक येऊन बसलं. ते फार काळ टिकायचं नव्हतं. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, १९४२ मध्ये जपानी तिथे पोचले, १९४८ मध्ये तो स्वतंत्र झाला. २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली. माझ्या तुळईच्या टोकाला मी कड्या मोजायचा प्रयत्न केला. इतक्या बारीक आहेत की मध्येच चुकलो आणि नाद सोडला.

आपल्याकडचीही एक गंमत सांगतो, कारण यंत्र घेण्याआधी मी हे वाचून दचकलो होतो. सुप्रीम कोर्टाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून जंगलतोडीबरोबर लाकूड गिरण्यांवरही कडक नजर आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कापीव लाकूड, प्लायवूड वगैरेवर काम करणाऱ्या उद्योगांना परवान्यातून सूट आहे, पण ती बँडसॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठं गोल पातं न वापरणाऱ्यांना. मी स्वतःच्या तुळईचं स्वतःच्या बापासाठी टेबल करतोय, तो काही उद्योग नव्हे. पण उद्या कुणी फळ्या पाडून विकायचा विचार करत असेल तर आधी वन खात्यात विचारून घ्या.

आता निवड. बाजारात दोन पर्याय समोर होते. एक नऊ इंची, टेबलावर ठेवायचा. दुसरा चौदा इंची, जमिनीवर उभा. हा आकडा चाकाच्या व्यासाचा. दुकानदार मोटारीचे हॉर्सपॉवर सांगत होता, मी मात्र न्यूबेरीच्या तुटक्या पट्ट्याचा विचार करत होतो. जुन्या गिरणीवाल्यांचा ठोकताळा असा की ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नको. चौदा इंचांना ते ०.३५ मिलिमीटर होतं, आणि प्रत्यक्षात ब्लेड असतं ०.६ च्या आसपास. म्हणजे छोट्या यंत्रात ब्लेड आधीच जास्त वाकतं. नऊ इंचीवर तर त्याहून पातळ ब्लेड लावावं लागतं, ते ताणून घट्ट बसत नाही आणि उंच लाकडात भरकटतं. शिवाय नऊ इंचीखाली साधारण ९० मिलिमीटर उंचीचं लाकूड जातं, चौदा इंचीखाली दीडशे. माझी तुळई एका बाजूने रंधा मारल्यावर दीडशेत बसते. निर्णय तिथेच झाला. मोटर एक हॉर्सपॉवरची, पंधरा अँपियरच्या प्लगवर चालते. बिडाची फ्रेम आहे, ती महत्त्वाची, कारण पत्र्याची फ्रेम ब्लेड ताणलं की स्वतःच वाकते. ब्लेड अर्धा इंच रुंद, इंचाला तीन दात. जास्त दातांचं घेतलं तर भुसा दातांतच अडकून ब्लेड तापतं. (हे अनुभवाचे बोल आहेत.) यंत्र तीन माणसांनी आत आणलं आणि मामांनी ते बघून फक्त "भूकंप आला तर याच्याखाली बसू नकोस" एवढंच म्हटलं.

खिळे शोधायला चुंबक घेऊन दोन संध्याकाळ बसलो. अकरा निघाले. गेल्या रविवारी पहिली तुळई लावली. पहिली फळी थोडी तिरकी गेली, मग हळू ढकलायचं जमलं. चौथ्या फळीनंतर टक्क असा आवाज आला आणि ब्लेडचे दात गेले. तुळईच्या बरोबर मध्ये खालून एक जाड लोखंडी कडी होती, वरून कापलेली, आत इंचभर शिल्लक. चुंबकाला कशी सापडली नाही कोण जाणे, बहुतेक वरच्या रंगाच्या थरांमुळे. बाबांना फोन केला तर म्हणाले, "अरे ती पाळण्याची कडी. माझा, आत्याचा, सगळ्यांचा पाळणा तिलाच होता."

नवीन ब्लेड लावून संध्याकाळपर्यंत आठ फळ्या झाल्या. पाचवीच्या कडेला कडीची लांब काळी खाच आहे. ती टेबलाच्या कुठल्या बाजूला लावायची ते बाबा ठरवणार आहेत. दुसरी तुळई अजून भिंतीला टेकून उभी आहे.