लिम्प आणि रेझ (टेक्सास होल्डेम)

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये फ्लॉप, म्हणजे सगळ्यांची सामाईक अशी पहिली तीन पाने, उघडण्याआधी डावात उतरण्याच्या दोन रीती. बिग ब्लाइंड या सक्तीच्या पैजेएवढीच रक्कम टाकून डावात शिरणे म्हणजे लिम्प. ती वाढवून बाकीच्यांकडून जास्त पैसे मागणे म्हणजे रेझ. तीन पत्तीत बूट सगळेच भरतात. होल्डेममध्ये मात्र बटनाच्या, म्हणजे डीलरची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या, डावीकडचे दोघेच, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, पाने बघण्याआधी पैसे टाकतात. लिम्प की रेझ हा वाद या पडून असलेल्या पैशांपासूनच सुरू होतो.

ब्लाइंड १०० आणि २०० रुपयांचे असतील तर कोणी बोलण्याआधीच पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, ३०० असतात. ६०० चा रेझ केला आणि सगळ्यांनी पाने टाकली तर ते जागच्या जागी मिळतात. कोणी तेवढेच पैसे टाकून कॉल केलाच तर पुढे पानांवर जिंकता येते. लिम्पला पहिली वाट बंद असते, कारण बिग ब्लाइंडवाल्याला फुकटात फ्लॉप दिसत असताना तो पाने टाकील कशाला? शिवाय बऱ्याच कार्डरूममध्ये फ्लॉप न उघडता डाव संपला तर रेक, म्हणजे पॉटमधला कार्डरूमचा वाटा, कापत नाहीत.

दुसरा मुद्दा गर्दीचा. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका हातासमोर सरासरी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चार हातांसमोर हाच आकडा ५६ च्या आसपास येतो. इस्पिक एक्का-राजा घेऊन एखाद्याने लिम्प केला, मागून तिघे आले, आणि फ्लॉपला राजा, अठ्ठी, सत्ती पडली. राजाची जोडी लागली म्हणून तो खूश. पण बिग ब्लाइंडमध्ये अठ्ठी-सत्ती फुकटात बसली होती, तिच्या दोन जोड्या झाल्या. ८०० च्या रेझवर ही पाने बहुधा आधीच टाकली गेली असती.

पणजीला मांडवीत उभ्या कॅसिनो जहाजावरचे टेबल असो की लास व्हेगासमधले १-२ डॉलरचे, समोरासमोरच्या खेळात तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. खेळायला आलेला माणूस नुसती पाने टाकत बसायला तयार नसतो. त्यामुळे ऑनलाइन पुरणारा दोन-अडीच बिग ब्लाइंडचा रेझ इथे कोणालाच हलवत नाही. चार-पाच पट लागते, आणि आधी लिम्प केलेल्या प्रत्येकामागे आणखी एक बिग ब्लाइंड. वरच्या उदाहरणातल्या १००-२०० च्या टेबलवर दोघे लिम्प करून बसले असतील तर साधारण १,२००. किती रेझ करावा हे पुस्तकापेक्षा टेबल बघून ठरवलेले बरे.

लिम्प सरसकट चूक नाही. पहिल्याने लिम्प करणे आणि दोघा-तिघांच्या मागून करणे यांत मोठा फरक आहे. पंज्यांच्या जोडीला फ्लॉपवर तिसरी पंजी साडेआठांत एकदा मिळते. म्हणजे २०० टाकणाऱ्याला ती मिळेल तेव्हा सरासरी १,५०० तरी सुटले पाहिजेत. आधीच माणसे आत असली आणि सगळ्यांपुढे चिप्स भरपूर असल्या तर हे जमते. मात्र मागून कोणी १,००० चा रेझ केला की हिशेब कोसळतो. आधीच्या सगळ्यांनी पाने टाकल्यावर स्मॉल ब्लाइंडची गोष्ट आणखी वेगळी: अर्धे पैसे आधीच आत, समोर एकच खेळाडू. तिथे सॉल्व्हर नावाचे संगणक प्रोग्रॅमही पुष्कळदा लिम्प सुचवतात.

मोठी जोडी घेऊन लिम्प करायचा आणि कोणी रेझ केला की त्यावर पुन्हा रेझ करायचा, हा सापळा उतावळ्या टेबलवर चालतो. थंड टेबलवर कोणी रेझ करतच नाही, आणि एक्के पाच जणांच्या गर्दीत अडकतात.