वफा नावाची विक्री

गहाण टाकलेली जमीन पैसे फेडले की परत येते, विकलेली येत नाही. परभणी, सेलू, मानवत भागात मात्र या दोहोंच्या मधला एक कागद चालतो: मुदत खरेदी. कागदावर विक्री, आणि मुदतीत पैसे दिले तर जमीन परत लिहून देण्याचा शब्द. उत्तर हिंदुस्थानात याला बय-बिल-वफा म्हणत. वफा म्हणजे शब्द पाळणे. व्याज हराम, म्हणून बुखारा-समरकंदच्या फकिहांनी ही वाट मान्य केली. फिकहच्या इतिहासातली ही अभिमानाची गोष्ट आहे, असे मला वाटत नाही.

इकडच्या सावकाराला हराम-हलालची अडचण नव्हती. त्याला ‘विक्री’ हा शब्दच हवा होता. का, ते 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 91 वरून कळते. व्यवहार गहाणाचा ठरला, तर जमीन सोडवण्याचा हक्क एकट्या शेतकऱ्याचा राहत नाही. जामीनदार सोडवू शकतो. त्याच जमिनीवर मागाहून कर्ज देणारा सोडवू शकतो. मेलेल्या ऋणकोच्या मिळकतीच्या दाव्यात विक्रीचा हुकूमनामा मिळवलेला साधा धनकोही सोडवू शकतो. समजा, हजाराच्या रानावर पहिल्या सावकाराचे दोनशे आहेत. दुसरा धनको ते दोनशे भरून रान मोकळे करील, आपलेही वसूल करील, आणि उरलेले शेतकऱ्याला मिळतील. कागद विक्रीचा ठरला की दोनशेत हजाराचे रान गेले. शेतकरी बुडाला, त्याला बियाणे उधार देणारा वाणीही बुडाला. धनकोच्या हक्कात शेतकऱ्याचेही हित असते, हे आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही.

12 मे 1875 रोजी सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला, आणि 1879 च्या कायद्याने न्यायालयांना कागदामागचा व्यवहार तपासायला सांगितले. पण तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरपुरता. परभणी निजामाच्या मुलखात.

1929 च्या दुरुस्तीने ठरवले की परत देण्याची अट त्याच खरेदीखतात असेल तरच तो व्यवहार गहाण. हेतू वाद कमी करण्याचा होता. सावकाराने त्यातून एवढेच घेतले की अट खरेदीखतात लिहायची नाही, तोंडी ठेवायची. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर हा कायदा परभणीलाही लागू झाला.

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याचे कलम 18 आता जिल्हा निबंधकाला खरेदीखतामागे पाहू देते. खरेदी सावकारीच्या कर्जापोटी होती असे चौकशीत ठरले, तर ती रद्द करून जमीन ऋणकोला परत देता येते. कलमात अर्जदार म्हणून नाव ऋणकोचे आहे, वाण्याचे नाही. अर्ज करणाऱ्याने तीन गोष्टींचा पुरावा आधी जमवावा: किंमत बाजारभावाच्या मानाने किती लिहिली, खरेदीनंतर रान कोण कसत राहिले, आणि सारा कुणी भरला.