छू म्हटलं की…

आमच्या गगनबावड्याकडं कुत्र्याशी खेळणं म्हणजे नुसती करमणूक कधीच नव्हती. त्या खेळात शिकवणी असायची, पण ती शिकवणी आहे हे पोरांनाही ठाऊक नसायचं आणि कुत्र्यालाही.

माणूस आणि कुत्रं यांची सोबत शेतीपेक्षाही जुनी. जर्मनीत १४ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसांसंगं पुरलेलं कुत्रं सापडलंय. आपल्याकडं नगर जिल्ह्यात प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ साली धातूची जुनी बैलगाडी मिळाली. गाडीत माणूस उभा आहे आणि पुढं दांडीवर चक्क कुत्रं! म्हणजे बैल, माणूस आणि कुत्रं हे आपलं जुनंच बिऱ्हाड.

हा मुलूख बावडा जहागिरीचा, रानाचा आणि घाटाचा. कोल्हापूर दरबारी शिकारीला चित्ते पाळलेले असत. आमच्यासारख्या कुळंब्यांकडं चित्ता कुठला? आमचा मोत्या, खंड्या नाहीतर काळूच. भातात डुक्कर शिरलं की हाकाऱ्यात हीच कुत्री पुढं असायची. त्यांची तयारी व्हायची ती पोरांच्या खेळातनं.

पहिला खेळ सुंभाच्या ओढाओढीचा. एक टोक पोराच्या हातात, दुसरं कुत्र्याच्या तोंडात. आज्जा ओसरीवरनं ओरडायचा, "आधी सोड म्हण, मग परत दे!" सुंभ सोडलं की लगेच पुन्हा ओढायला मिळायचं, त्यामुळं सोडण्यात तोटा नाही हे कुत्र्याला उमजायचं. असं कुत्रं पुढं तोंडात धरलेला ससाही बिनतक्रार सोडायचं. मात्र चारेक महिन्यांच्या पिल्लाचे दात पडत असतात, त्याच्याशी जोर करायचा नाही, अशी सक्त ताकीद असायची.

दुसरा खेळ लपाछपीचा. एकानं कुत्र्याला धरायचं, दुसऱ्यानं पिंजराच्या गंजीमागं दडायचं. "शोध" म्हटलं की ते नाक जमिनीला लावून सुटायचं. धुक्यात चुकलेली रेडकं हुडकायला हेच नाक कामाला यायचं.

आमच्याकडं वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने अंगण बंद. मग ओसरीवर तीन बुट्ट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली भाकरीचा तुकडा. कुत्रं वास घेत फिरायचं आणि बरोबर बुट्टीवर पाय ठेवायचं. भात कापून शिवार मोकळं झालं की चिंध्यांचा चेंडू आणि "छू"!

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. पुढं शिकार बंद पडत गेली, आणि ते योग्यच झालं. त्याआधी १९५८ सालीच दाजीपूरचं रान गव्यांसाठी राखलं होतं. पण शिकारीसंगं कुत्र्याचं काम गेलं, आणि हळूहळू खेळही गेला. आता कुत्रं दिवसभर साखळीला असतं. बिबट्याच्या भीतीनं रात्री घरात घ्यावं लागतं, ते बरोबरच. पण दिवसा तरी सोडावं की नाही? दिवसरात्र बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर जातं. मग लोक म्हणतात, जातच वाईट.

जातीचं म्हणाल तर मुधोळचं कुत्रं घ्या. घोरपड्यांच्या संस्थानानं जपलेलं हे शिकारी कुत्रं. २००५ साली त्याचं टपाल तिकीट निघालं, २०१६ साली त्याची पिल्लं लष्करानं मेरठला शिकवायला नेली. लष्करी कुत्र्याला स्फोटकं हुडकायला शिकवतात ती रीत मी वाचली तेव्हा हसूच आलं. वास बरोबर ओळखला की बक्षीस काय, तर चेंडू! आमच्या बुट्टीखालच्या भाकरीचीच ही थोरली बहीण.

म्हणून नातवंडांना मी सांगतो, त्याला रेबीजची लस वेळेवर टोचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ पावपाव तास खेळवा. जेवताना त्याला छेडू नका, दमलं की थांबा. रोज काही हुडकायला मिळालं, की राखणीचं कुत्रं रमतं. सुंभ, बुट्टी आणि चिंध्या तर अजून प्रत्येक घरात आहेत. त्याला पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.